विश्लेषण : उंच पत्र्याच्या गॅरेजमधील गरम हवा खाली आणायची, की बाहेर काढायची?

बुलढाणा जिल्ह्यात हवामानाचे दोन भाग सर्रास बोलले जातात, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. घाटाखालचे मलकापूर अडीचशे मीटरच्या आसपास आहे. पूर्णा नदीच्या सपाट खोऱ्यातील या शहरात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांच्या घरात राहतो. त्यात सुरतहून धुळे, भुसावळ, मलकापूर, अकोलामार्गे नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ इथूनच जातो. अशा मार्गावर ट्रक दुरुस्तीची गॅरेज, टायरची दुकाने, बॉडी बांधणारे कारखाने आणि गोदामे असतातच. यातील बहुतेकांवर पन्हळी पत्रा असतो आणि ट्रक आत यावा म्हणून छत १५ ते २५ फूट उंच ठेवलेले असते.

अशा शेडमध्ये दुपारी पंखा लावूनही घाम थांबत नाही. अनेकदा तर पंखा लावल्यावर अधिकच उकडते. दुसरीकडे, थंड देशांत उंच गॅरेज उबदार ठेवणाऱ्यांची तक्रार नेमकी उलटी असते. हीटर चालू असतो, तरी पाय गारठलेले राहतात. या दोन्ही तक्रारींचे कारण एकच आहे. उपाय मात्र परस्परविरोधी आहेत.

गरम हवा छताखाली का साचते?

हवा तापली की प्रसरण पावते आणि तेवढ्याच जागेत तिचे वजन कमी होते. ३५ अंशांना एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.१५ किलो असते, ५० अंशांना ते १.०९ किलोपर्यंत उतरते. फरक जेमतेम पाच टक्क्यांचा आहे, पण हलकी हवा वर आणि जड हवा खाली जायला तो पुरेसा असतो. पाण्यावर तेल तरंगावे तशी गरम हवेची गादी छताला चिकटून राहते.

हीटर लावलेल्या बंद शेडमध्ये दर मीटर उंचीमागे तापमान साधारण एक अंशाने, कधी त्याहून जास्त वाढते. म्हणजे जमिनीवर १५ अंश असताना सहा मीटर उंचीवर २० ते २५ अंश असू शकतात. मलकापूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात वेगळा हीटर लागत नाही, पत्राच हीटर होतो. भर दुपारी उन्हातला पत्रा ६० ते ७० अंशांपर्यंत तापू शकतो. त्याला लागून असलेली हवा तापते आणि वरच राहते. वेल्डिंग, कंप्रेसर आणि नुकत्याच थांबलेल्या इंजिनांची उष्णताही शेवटी तिथेच जाते.

मग उंच छत फायद्याचे की तोट्याचे?

उन्हाळ्यात उंच छत फायद्याचे, पण वर वाट असेल तरच. उंची जितकी जास्त, तितकी गरम हवा माणसाच्या डोक्यापासून दूर राहते. शिवाय खाली आणि वर अशा दोन्ही ठिकाणी उघडी जागा असेल, तर शेड धुराड्यासारखे वागते. वरून गरम हवा निघते आणि तिची जागा घ्यायला खालून नवी हवा येते. त्यासाठी वीज लागत नाही.

या ओढीचा अंदाज घेता येतो. खालच्या आणि वरच्या झडपांत पाच मीटरचे अंतर आहे आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा सरासरी पाच अंशांनी गरम आहे, असे धरले तर प्रत्येकी एक चौरस मीटरच्या दोन झडपांमधून सेकंदाला साधारण अर्धा घनमीटर हवा आपोआप फिरते. म्हणजे तासाला १८०० घनमीटर. झडपा दुप्पट मोठ्या केल्या तर हवाही दुप्पट निघते. नुसती उंची दुप्पट केली तर मात्र हवा सुमारे ४० टक्क्यांनीच वाढते. म्हणून छत आणखी उंच करण्याआधी आहे त्या छताला मोठी वाट देणे शहाणपणाचे.

जुन्या बांधकामांत ही वाट ठेवलेली दिसते. ब्रिटिशकालीन कचेऱ्या आणि रेल्वेच्या बंगल्यांत छतालगत दोरीने उघडणारी झरोक्याची झडप असे. वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये आढ्यावर उचललेले दुसरे छोटे छप्पर ठेवत आणि धूर दोन्ही बाजूंनी निघून जाई. आजच्या स्वस्त पत्र्याच्या शेडमध्ये नेमकी हीच जागा बंद असते. पाऊस आत येऊ नये म्हणून आढ्यावर पत्र्याची टोपी घट्ट बसवतात आणि कैच्यांच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती पूर्ण बांधून टाकतात.

पंखा लावल्यावर अधिक का उकडते?

छताचा पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. तो कोणत्या थरातली हवा हलवतो हे महत्त्वाचे असते. २० फूट उंच कैचीला आखूड दांडीवर टांगलेला पंखा वरची तापलेली हवा खेचतो आणि खाली ढकलतो. वरची गरम हवा वरच राहिली असती तर खालचा माणूस त्यापासून थोडा वाचला असता. पंख्यामुळे ती त्याच्या अंगावर येते.

दुसरे कारण शरीराशी संबंधित आहे. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा त्याहून गरम असेल तर वारा उष्णता अंगात आणून टाकतो, दिलासा फक्त घाम वाळण्याचा मिळतो. म्हणूनच तापमान ४० अंशांच्या वर गेले की पंख्यावर विसंबू नका, त्याने शरीर तापते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोरड्या विदर्भात अंगावर ओला रुमाल किंवा ओले कपडे असतील तर वाऱ्याचा काही उपयोग होतो. कोरड्या अंगावर ४४ अंशांचा झोत म्हणजे लूच.

तिसरे कारण पंख्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. तापलेला पत्रा खालच्या माणसाकडे उष्णतेची किरणे फेकतो. चुलीसमोर बसल्यावर मधली हवा थंड असली तरी चेहरा तापतो, तसेच हे. कितीही वारा घातला तरी ही किरणे थांबत नाहीत. त्यासाठी पत्राच थंड ठेवावा लागतो.

उन्हाळ्यात गरम हवा बाहेर कशी काढावी?

नैसर्गिक वाट हा पहिला मार्ग. आढ्याजवळ लांबट फट ठेवून त्यावर पावसाची टोपी उचलून बसवणे, किंवा दोन्ही त्रिकोणी भिंतींत तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवणे. नवे शेड बांधताना याचा खर्च तुलनेने कमी असतो, नंतर पत्रे उचकटून करायला जास्त लागतो.

छतावर गरगर फिरणारे गोल टर्बो व्हेंटिलेटर हा दुसरा मार्ग. ते वाऱ्यावर फिरतात, त्यांना वीज लागत नाही. मात्र वारा पडलेल्या दुपारी ते जवळपास साध्या भोकासारखेच काम करतात. मोठ्या शेडला एक-दोन बसवून फरक पडत नाही. पत्रा कापलेल्या जागी जोड नीट भरला नाही तर जूनमध्ये तिथूनच गळती सुरू होते.

तिसरा मार्ग एक्झॉस्ट पंख्याचा. इथे थोडे गणित करावे लागते. ६० फूट लांब, ४० फूट रुंद आणि सरासरी २० फूट उंच शेडमध्ये ४८ हजार घनफूट हवा असते. तिचे वजनच सुमारे दीड टन भरते. ही हवा तासाला २० वेळा बदलायची ठरवली तर मिनिटाला १६ हजार घनफूट, म्हणजे तासाला सुमारे २७ हजार घनमीटर हवा बाहेर काढावी लागेल. पंख्याच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात तो किती हवा काढतो हे दिलेले असते. त्या आकड्याने भागले की किती पंखे लागतील ते कळते. घरच्या स्वयंपाकघरातला छोटा एक्झॉस्ट इथे का पुरत नाही, तेही यातून स्पष्ट होते.

पंखे कुठे बसवायचे, हा संख्येइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. ते शक्य तितके वर, आणि हवा आत येण्याच्या जागेच्या समोरच्या भिंतीत असावेत. शटरच्या अगदी वर एक्झॉस्ट बसवला तर शटरमधून आलेली हवा तशीच वर वळून बाहेर जाते आणि शेडच्या मागच्या अर्ध्या भागात हवा हलतच नाही. आत येणाऱ्या हवेची जागा सावलीच्या बाजूला आणि जमिनीलगत असेल तर उत्तम. शटर आणि खिडक्या सगळे बंद करून एक्झॉस्ट चालवण्यात अर्थ नाही. आत हवा आलीच नाही तर बाहेर काय जाणार?

कामगारांच्या अंगावर वारा कसा द्यावा?

वरची हवा बाहेर काढायची सोय झाल्यावरच हा प्रश्न येतो. त्यासाठी छताच्या पंख्यापेक्षा भिंतीवर सात-आठ फुटांवर बसवलेला किंवा जमिनीवर उभा करायचा पंखा बरा. तो खालच्या थरातली, म्हणजे तुलनेने थंड हवा हलवतो. ट्रकच्या केबिनला लांब दांडीचा छताचा पंखा आडवा येतो, ही अडचणही त्यामुळे टळते.

गोदामे आणि मोठ्या कारखान्यांत अलीकडे ८ ते २४ फूट व्यासाचे, संथ फिरणारे अवाढव्य पंखे दिसतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतील गोठ्यांत गाईंना उकाड्यापासून वाचवण्यासाठी ते पुढे आले. कमी वेगात मोठा हवेचा स्तंभ हलवणे हे त्यांचे वैशिष्ट्य. पण वरची हवा बाहेर न काढता असा पंखा तापलेल्या पत्र्याखाली लावला, तर तोही शेवटी गरम हवाच खाली आणतो.

विजेच्या बिलात फरक पडतो तो मोटरमुळे. साधा छताचा पंखा ७० ते ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा सुमारे ३० वॉट. दिवसाला दहा तास चालवला तर पहिला पाऊण युनिट, दुसरा सुमारे पाव ते तृतीयांश युनिट वीज खातो.

कूलर किती उपयोगी?

मार्च ते मे या काळात बराच उपयोगी, कारण हवा कोरडी असते. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याने मोजलेले तापमान सुमारे २२ अंश भरते. चांगला कूलर या फरकाचा पाऊण भाग कापतो, म्हणजे त्यातून २७ ते २८ अंशांची हवा बाहेर पडू शकते. मात्र ही हवा दमट असते. ती निघून जायला वाट नसेल तर तासाभरात शेड चिकचिकीत होते आणि घाम वाळेनासा होतो. म्हणजे कूलरलाही वरची झडप किंवा एक्झॉस्ट लागतोच. पाऊस सुरू झाला की कूलरची धार बोथट होते. पूर्ण शेड थंड करण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा काम चालू असलेल्या जागेवर झोत सोडणे परवडते.

पत्राच थंड ठेवता येईल का?

येतो, आणि अनेकदा हाच सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. ऊन परतवणारा पांढरा रंग पत्र्यावर बाहेरून दिला तर पत्रा मुळातच कमी तापतो. त्यामुळे वरची हवाही कमी तापते आणि किरणेही घटतात. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा आणला आणि पुढे त्यात थंड छतांचा समावेश केला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. चुना स्वस्त आहे, पण पत्र्याला तो फार काळ धरत नाही आणि पावसात वाहून जातो. रंगावर धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर छत धुवून घ्यावे लागते.

विदर्भात उन्हाळ्यात छपरावर पऱ्हाट्या किंवा कडबा टाकण्याची पद्धत आहे. घरावर ती सावली देते, वेल्डिंग होणाऱ्या गॅरेजवर मात्र आगीला निमंत्रण ठरू शकते. हाच धोका आतून थर्मोकोल लावण्यातही आहे. प्रकाशासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे प्रकाशासोबत ऊनही आत सोडतात. त्यांची संख्या मोजकी असावी आणि शक्यतो ते उत्तर उताराला असावेत.

पत्र्याचा एक गुण मात्र फुकट वापरता येतो. स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, पत्रा सूर्य मावळल्यावर लगेच निवतो. रात्री जाळीचे शटर आणि वरच्या झडपा उघड्या राहिल्या तर जमीन, भिंती आणि अवजारे निवतात आणि सकाळचे चार-पाच तास तुलनेने सुसह्य जातात.

हिवाळ्यात हीच हवा खाली कशी आणतात?

डिसेंबर-जानेवारीत घाटाखालीही रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते, पण गॅरेज तापवावे इतकी थंडी पडत नाही. ही गरज कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये मात्र पडते. पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३२ ते ३५ अंश ऊब लागते, पुढे ती दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करतात. ब्रूडरची ऊब उंच छताकडे पळून जाऊ नये म्हणून वर छत्री लावतात, बाजूंना गोणपाटाचे पडदे सोडतात आणि काही जण ताडपत्रीचे खोटे छत बांधतात. म्हणजे छत तात्पुरते खाली आणले जाते. सगळे फट बंद केले तर मात्र अमोनिया आणि धूर कोंडून पिले दगावतात, त्यामुळे वरच्या बाजूने थोडी वाट ठेवावीच लागते.

कॅनडा, अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात घराच्या गॅरेजमध्ये हाच अनुभव येतो. तिथे छताचा पंखा उलट दिशेने आणि संथ फिरवतात. खालून पाहिल्यास उन्हाळ्यात घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध आणि हिवाळ्यात काट्यांच्या दिशेने, असा तिथला साधारण नियम. उलटा पंखा हवा वर ढकलतो आणि छताला साचलेली ऊब भिंतींवरून अलगद खाली उतरते. अंगाला झुळूक लागत असेल तर वेग जास्त आहे असे समजावे. भारतातल्या साध्या पंख्यांना ही सोय बहुधा नसते, रिमोटच्या काही बीएलडीसी पंख्यांना असते. हवा अशी मिसळली की छताजवळची वाया जाणारी ऊब कामी येते आणि हीटर कमी वेळ चालवावा लागतो.

हवा फिरवताना कोणते धोके लक्षात घ्यावेत?

पहिला धोका इंजिनाच्या धुराचा. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रंग-वास नसलेला असतो आणि त्याचे वजन जवळपास हवेइतकेच असते. त्यामुळे तो छताला साचून राहत नाही, सगळीकडे मिसळतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणे किंवा कोळशाची शेगडी पेटवणे पंखा असला तरी जीवघेणे ठरू शकते. पंखा हा वायू फक्त पसरवतो, बाहेर काढत नाही.

दुसरा धोका इंधनाचा. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, गळती झाली तर तो छताखाली जमतो. तिथे वाट नसेल आणि साधा पंखा किंवा बटण ठिणगी देणारे असेल तर स्फोट होऊ शकतो. एलपीजी आणि पेट्रोलची वाफ उलट जड असते, ती गाडीखाली काम करण्याच्या खड्ड्यात साचते. वरचा एक्झॉस्ट तिला हात लावू शकत नाही, खड्ड्याच्या तळाशी वेगळा हवेचा मार्ग द्यावा लागतो. रंग फवारण्याची जागा आणि जिनिंगमधली कापसाची तूस इथेही साध्या मोटरचा एक्झॉस्ट चालत नाही, ठिणगी बाहेर न पडणारी मोटर लागते.

नियम काय सांगतात?

कारखान्यात पुरेशी खेळती हवा असावी आणि भिंती व छत असे असावेत की आतले तापमान शक्य तितके कमी राहील, ही अट १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १३ मध्येच घातली गेली. मात्र कारखाना कशाला म्हणायचे हे कामगारसंख्येवर ठरते. चार-पाच कारागिरांचे महामार्गावरचे गॅरेज त्या व्याख्येत बहुधा बसत नाही. म्हणजे तापलेल्या पत्र्याखाली सर्वाधिक वेळ घालवणाऱ्यांपैकी अनेकांचे संरक्षण मालकाच्या समजुतीवर अवलंबून राहते.

कमी खर्चात सुरुवात कुठून करावी?

- आढ्याजवळ आणि त्रिकोणी भिंतींत हवेची वाट आहे का ते पाहावे. नसेल तर आधी ती करावी.
- कैचीला टांगलेला पंखा भर दुपारी बंद ठेवून पाहावा. उकाडा कमी झाला तर तो गरम हवा खाली आणत होता, हे कळेल.
- त्यानंतर छताला पांढरा परावर्तक रंग द्यावा, आणि मग हिशेब करून समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट बसवावा.
- उभा पंखा किंवा कूलर सगळ्यात शेवटी, आणि फक्त कामाच्या जागेपुरता.
- जड कामे सकाळी अकरापर्यंत आणि सायंकाळी ठेवावीत. पिण्याचे पाणी हाताशी असावे. कुणाला चक्कर, मळमळ किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले तर त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.